रंगीत पाषाणातील माणसे



मँगनीजच्या खाणींच्या या गावी रोमन पुतळ्यांचे काय प्रयोजन, असा प्रश्न विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी अनेकांच्या मनात आला असेल. प्रयोजन दुहेरी आहे. ज्या गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ हे व्याख्यान होत आहे, त्यांचा आवक्ष पुतळा शाळेच्या प्रांगणात बसवावा असा माजी विद्यार्थ्यांचा मानस आहे, आणि तो पांढऱ्या संगमरवराचा असावा, पंचधातूचा असावा की रंगीत असावा, यावर बराच काथ्याकूट झालेला माझ्या कानी आला. रंगीत पुतळा म्हणजे जत्रेतले खेळणे, असेही कोणी म्हणाले. हे दुसरे मत तपासून पाहावे असे मला वाटले. दुसरे प्रयोजन आपल्या पायाखालच्या दगडाशी निगडित आहे. ते पुढे ओघाने येईलच.

प्रथम रोमकडे वळू. माणसाचा केवळ मस्तक आणि छाती एवढाच भाग घडवून त्याला पूर्ण माणसाचा मान देण्याची रीत रोमनांनी जितकी रुजविली तितकी अन्य कोणी क्वचितच रुजविली असेल. ग्रीकांना शरीर प्रिय होते; चेहरा त्या शरीराचा एक अवयव. रोमनांना मात्र चेहरा हवा होता, आणि तोही कुळाचा. थोर घराण्यांत पूर्वजांचे मेणाचे मुखवटे करून घराच्या दर्शनी दालनात कपाटांतून जपून ठेवीत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील इतिहासकार पॉलिबिअस याने रोमन अंत्ययात्रेचे वर्णन केले आहे. घरातील कर्ता पुरुष निवर्तला की, त्याच्यासारख्या बांध्याची माणसे पूर्वजांचे मुखवटे लावून, त्या त्या पूर्वजाच्या हुद्द्याची वस्त्रे लेवून यात्रेत चालत. मृताच्या पाठीशी त्याचे सारे कूळ उभे आहे, असे ते दृश्य असे. आपल्याकडे ज्येष्ठागौरींना मुखवटे असतात, खंडोबाला टाक असतो. तेव्हा मुखवट्यात कोणी तरी वास करते ही कल्पना आपल्याला परकी वाटू नये. मेणाचा मुखवटा रंगवलेला असे, कारण त्याने जिवंत माणसासारखे दिसावे हाच त्याचा हेतू होता. म्हणजे रोमन व्यक्तिशिल्पाच्या मुळाशीच रंग आहे.

पुढे मेणाच्या जागी दगड आला. सुरकुत्या, पडलेले गाल, टक्कल, बसके नाक, काहीही न लपविता घडविलेले ते प्रजासत्ताकाच्या काळचे चेहरे पाहिले म्हणजे आपल्या ओळखीचे एखादे करारी आजोबा समोर उभे राहिल्याचा भास होतो. जाणकार लोक या पुतळ्यांचा काळ एका सोप्या खुणेने ओळखतात. आरंभीच्या सम्राटांच्या काळी पुतळा गळ्याच्या हाडापाशी संपतो; फ्लेविअन घराण्याच्या काळी खांदे दिसू लागतात; हेड्रिअनच्या काळापर्यंत सारी छाती आणि दंडांचा वरचा भागही येतो. त्याच सुमारास, म्हणजे इसवी सन १३० च्या आगेमागे, डोळ्यातील बाहुली छिन्नीने कोरण्याची पद्धत रूढ झाली. तोपर्यंत बाहुली रंगानेच काढीत. रंग उडाल्यावर ते डोळे आंधळे दिसू लागले आणि पुढच्या पिढ्यांनी त्या आंधळेपणालाच गांभीर्य मानले!

येथे एक भेद स्पष्ट करतो, कारण पुढचे विवेचन त्यावर उभे आहे. पुतळ्याला रंग देण्याचे मार्ग दोन. एक, पांढऱ्या संगमरवरावर रंगाचा लेप चढविणे. दुसरा, मुळातच निरनिराळ्या रंगांचे दगड निवडून त्यांची जुळणी करणे. पहिला मार्ग स्वस्त आणि अल्पायुषी. दुसरा अतिशय खर्चाचा, पण त्याचा रंग दगडाइतकाच टिकणारा. रोमनांनी दोन्ही मार्ग अवलंबिले.

रंगीत दगडाचा शौक रोममध्ये सहजासहजी शिरला नाही. इसवी सनापूर्वी ७८ मध्ये कॉन्सल असलेल्या मार्कस लेपिडस याने आपल्या घराच्या उंबरठ्याला नुमिडियाचा पिवळा संगमरवर लावला, तेव्हा त्याच्यावर टीकेची झोड उठली, असे प्लिनी सांगतो. उंबरठ्याला! पण साम्राज्य वाढले तसे जिंकलेल्या प्रत्येक प्रांताचा दगड राजधानीत येऊ लागला. आजच्या ट्युनिशियातील शेमतूचा पिवळा, ग्रीसमधील युबीआ बेटावरचा कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या हिरवट पट्ट्यांचा, लॅकोनियाचा तांबडा, थेसलीचा हिरवा, तुर्कस्तानातील डोकिमिअमचा जांभळ्या शिरांचा. शेवटच्या दगडाला इटालियन कारागीर मोरावरून नाव देतात. रोममधील कॉन्स्टंटाइनच्या कमानीवर उभे असलेले डेशियन युद्धकैदी याच जांभळ्या शिरांच्या दगडाचे आहेत. त्यांची मस्तके आणि हात तेवढे पांढरे. कैद्याच्या अंगावरचा दगडही जिंकून आणलेल्या प्रांताचा, हे पाहणाऱ्या रोमनाला न सांगता कळत असे.

आवक्ष पुतळ्यात ही जुळणी कशी करीत, ते पाहण्याजोगे आहे. चेहरा व मान एका दगडाची, बहुधा पांढऱ्या आणि बारीक कणाच्या. वस्त्र दुसऱ्या दगडाचे. वस्त्राच्या तुकड्यात गळ्यापाशी खोबण कोरायची, मानेला खालून खुंटी ठेवायची आणि ती खुंटी खोबणीत बसवायची. सांधा वस्त्राच्या चुणीत लपवायचा. यातला व्यवहारही लक्षात घ्या. मस्तक वेगळे असल्याने ते बदलता येत असे. एका सम्राटाची अप्रीती झाली की धड तसेच ठेवून वर दुसऱ्याचे डोके बसविता येई. प्लिनीने याबद्दल कुरकुर केली आहे. पुतळ्यांची डोकी अदलाबदल होतात, खऱ्या चेहऱ्याची कोणाला चाड उरली नाही, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. दगडाच्या रंगातही अर्थ असे. पॉसेनिअस हा ग्रीक प्रवासी लिहितो की, सर्व नद्यांच्या मूर्ती पांढऱ्या दगडाच्या करतात, पण नाइलची काळ्या दगडाची, कारण ती इथिओपियातून येते. रंग शोभेसाठी नसून ओळखीसाठी होता, हा धागा मला फार महत्त्वाचा वाटतो.

या सर्व दगडांचा राजा म्हणजे पॉर्फिरी. काटेकोर बोलायचे तर तो संगमरवर नव्हेच. संगमरवर हा चुनखडीपासून उष्णता व दाब यांनी रूपांतरित झालेला खडक, तर पॉर्फिरी अग्निजन्य. पण घासून चकाकणाऱ्या कोणत्याही दगडाला रोमन लोक संगमरवरच म्हणत. इजिप्तच्या पूर्वेकडील वाळवंटात एका डोंगरावर हा गडद जांभळा, पांढऱ्या ठिपक्यांचा दगड मिळे. इसवी सन १८ मध्ये गायस कॉमिनिअस लेउगास याने तो शोधल्याचा शिलालेख तेथेच सापडला आहे. क्लॉडिअसच्या कारकिर्दीत इजिप्तहून पॉर्फिरीचे पुतळे रोमला पाठविण्यात आले, पण त्या वेळी ते कोणाला आवडले नाहीत, असेही प्लिनीच सांगतो. पुढे मात्र हवा पालटली. समुद्रातील गोगलगायींपासून काढलेल्या जांभळ्या रंगाचे वस्त्र हे सम्राटपदाचे चिन्ह. मग त्याच रंगाच्या दगडाचे वस्त्र दगडी सम्राटाला का नको? इसवी सन ३०० च्या सुमाराचे चार सहसम्राट एकमेकांना आलिंगन देत व्हेनिसच्या सेंट मार्कच्या कोपऱ्यावर उभे आहेत, ते अखंड पॉर्फिरीचे आहेत. तो दगड इतका कठीण की, रोमन साम्राज्य लयास गेल्यावर त्यावर काम करण्याची विद्याच युरोपात मागे पडली. सोळाव्या शतकात फ्लॉरेन्सच्या फ्रान्सेस्को देल ताद्दा याने ती पुन्हा साधली. त्याच्या छिन्नीला कसल्याशा वनस्पतींच्या अर्काचे पाणी दिले होते, अशी कथा वासारी सांगतो. आपल्या खाणीतील जुन्या लोहारांनी ती ऐकली असती तर मिशीतल्या मिशीत हसले असते.

आता मघाशी राखून ठेवलेले दुसरे प्रयोजन. पॉर्फिरीला तो जांभळा रंग कशामुळे येतो? त्यातील हेमॅटाइट हे लोहखनिज आणि पीडमाँटाइट हे खनिज यांच्या सूक्ष्म कणांमुळे. पीडमाँटाइट हे नाव इटलीच्या पीडमाँट प्रांतावरून पडले आणि त्याच्या लालसर जांभळ्या रंगाचे कारण आहे त्यातील मँगनीज. होय, तेच मँगनीज. रोमचे सम्राट ज्या रंगात स्वतःला घडवून घेत होते, त्या रंगाचा एक भागीदार आपल्या गावच्या मालगाड्यांतून रोज बाहेर जात आला आहे.

एवढेच नव्हे. नागपूरपासून छिंदवाडा, बालाघाटपर्यंत पसरलेल्या आपल्या या खडकमालेला भूवैज्ञानिक सौसर गट म्हणतात. तिच्यात मँगनीजच्या धातुकासोबत संगमरवराचेही थर आहेत आणि त्यांत पीडमाँटाइट असलेला गुलाबी संगमरवरही आढळतो. फर्मॉर या भूवैज्ञानिकाने भारतातील मँगनीजवरचा आपला प्रचंड ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध केला. गोंडांच्या नावावरून 'गोंडाइट' हे खडकाचे नाव त्यानेच रूढ केले. या पट्ट्यातील पायाभूत खडकाला 'तिरोडी नाईस' हे आपल्या गावाचे नाव मिळाले आहे. आणि १९३८ साली डन व रॉय यांनी येथील एका खनिजाला 'तिरोडाइट' म्हटले. १९९७ साली त्या खनिजकुळाच्या नावांची फेररचना झाली तेव्हा ते नाव मागे पडले, पण जुन्या ग्रंथांत आणि संग्रहालयांच्या चिठ्ठ्यांवर ते आहेच. शालेय भूगोलात तिरोडीचे नाव खाणीपुरते येते; ते खडकाच्या कुळाचेही नाव आहे, हे आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावे.

मग येथल्या गुलाबी संगमरवराचे पुतळे का होत नाहीत? शिल्पाला लागणारा दगड बारीक, एकसारख्या कणांचा आणि भेगाविरहित लागतो. मऊ कॅल्साइटमध्ये कठीण सिलिकेट खनिजे विखुरलेली असली की छिन्नी एका ठिकाणी लोण्यात शिरल्यासारखी जाते आणि पुढच्याच घावाला उसळते. नाकाचा शेंडा घडविताना हे परवडत नाही. वस्त्राच्या सपाट भागासाठी, चौथऱ्यासाठी मात्र असा दगड चालू शकतो. ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

रंगाची ही सारी परंपरा विस्मरणात कशी गेली? उत्खननात निघालेल्या पुतळ्यांचा लेप मातीने खाल्ला होता, उरलासुरला घासून धुतला गेला. अठराव्या शतकात जर्मन पंडित विंकेलमान याने प्राचीन कलेचा इतिहास लिहिला (१७६४), तेव्हापासून शुभ्रता हीच अभिजातता असे समीकरण युरोपात दृढ झाले. रंगीत दगडाची हौस मात्र संपली नाही. रोमच्या बोर्गेझे प्रासादात सतराव्या शतकातील रोमन सम्राटांचे आवक्ष पुतळे आहेत, मस्तके पॉर्फिरीची आणि वस्त्रे अलाबास्टरची. एकोणिसाव्या शतकात वाद पुन्हा पेटला. रोममध्ये राहणाऱ्या जॉन गिब्सन याने आपल्या व्हीनसला अंगकांतीची छटा दिली आणि १८६२ च्या लंडन प्रदर्शनात ती पाहून कित्येकांनी नाके मुरडली. दुसऱ्याच वर्षी, १८६३ साली, रोमजवळ प्रिमा पोर्ता येथे ऑगस्टसचा पुतळा सापडला, त्याच्यावर रंगाच्या खुणा शिल्लक होत्या. पॅरिसचा शार्ल कोर्दिए अल्जीरियाच्या पट्टेदार ऑनिक्सची वस्त्रे आणि ब्राँझचे चेहरे जोडून आफ्रिकी माणसांची भारदस्त व्यक्तिशिल्पे करीत होता. पांढऱ्या दगडात काळा माणूस कसा घडवायचा, या प्रश्नाला त्याने रोमनांचेच उत्तर दिले.

नेमक्या याच काळात एक मराठी चेहरा या कथेत येतो, आणि तोही इटलीत. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८६६ साली गादीवर आले. (राजर्षी शाहूंचे पुत्र राजाराम ते निराळे.) १८७० साली, समुद्रपर्यटनाचा निषेध प्रखर असताना, ते इंग्लंडला गेले. तेथे राणी व्हिक्टोरियाला भेटले, संस्था पाहिल्या, रोजनिशी लिहिली. ती पुढे कॅप्टन वेस्ट यांनी संपादित करून १८७२ साली लंडनला प्रसिद्ध केली. परतीच्या वाटेवर प्रकृती बिघडली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते निवर्तले. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. दहनाची चाल तेथे नव्हती; खास परवानगीने अर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदू विधीने दहन झाले. परमुलखात बरोबरच्या मंडळींनी संगम शोधला, यातच आपल्या संस्काराची सारी ओळख आली. पंचगंगेच्या काठची माणसे ती.

त्या जागी १८७४ साली स्मारक उभे राहिले. छत्रीची रचना मेजर चार्ल्स मँट यांची, ज्यांनी पुढे कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा आराखडा केला. छत्रीखालचा आवक्ष पुतळा चार्ल्स फ्रान्सिस फुलर या इंग्लिश शिल्पकाराचा. आणि तो रंगीत आहे. पागोटे, अलंकार, अंगरखा आणि मुख्य म्हणजे चेहऱ्याचा सावळा वर्ण, सारे काही. मायकेलअँजेलोच्या नगरीत, जेथे शुभ्र संगमरवराखेरीज दुसरे काही शिल्प मानण्याची सवय उरली नव्हती, तेथे एका मराठी राजाला त्याच्या स्वतःच्या वर्णात बसविले गेले. फ्लॉरेन्सचे लोक त्याला नुसते 'इंदियानो' म्हणतात. १९७८ साली शेजारी झालेल्या मोठ्या पुलालाही त्यावरूनच नाव पडले. नाव विसरले गेले तरी हा माणूस हिंदुस्थानचा होता, हे त्या रंगामुळे कोणी विसरू शकत नाही. पांढरा पुतळा असता तर दुरून तो कोणी रोमन सिनेटर म्हणून खपून गेला असता.

आता आपल्याकडे पाहा. मुंबईचे जे. जे. कला विद्यालय १८५७ साली स्थापन झाले. तेथे ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून शिक्षण दिले जाई. प्लास्टर पांढरे, म्हणून आदर्शही पांढरा. गणपतराव म्हात्रे यांची 'मंदिरपथगामिनी' (१८९६) त्याच शिस्तीतून आली, परंतु तिची नऊवारी आणि चाल अस्सल आपली. रघुनाथराव फडके यांनी तर आपल्याच मध्य प्रदेशात, धारला, कार्यशाळा थाटली. या मंडळींच्या कौशल्याबद्दल मला नितांत आदर आहे. तरीही गावोगावच्या चौकांतील शुभ्र अर्धपुतळे पाहताना मनात येते की, उन्हातान्हात रापलेली आपली कर्ती माणसे दगडात गेल्यावर इतकी गोरी का होतात? पुढे जयंतीच्या आदल्या दिवशी कोणी तरी उत्साहाने त्यांना सोनेरी तैलरंग फासतो, आणि सुरकुतीन् सुरकुती बुजते. रंगाची भूक खरी असते. ती भागविण्याची रीत चुकते.

देवाच्या बाबतीत मात्र आपण कधी गोंधळत नाही. विठोबा काळ्या पाषाणाचाच हवा. राममंदिरातील संगमरवरी मूर्तीचे डोळे, भुवया, ओठ रंगविलेले असतात आणि डोळे उघडल्याखेरीज मूर्तीत प्राण आला असे कोणी मानीत नाही. शिर्डीची बाळाजी तालीम यांनी घडविलेली, १९५४ साली बसलेली साईबाबांची मूर्ती इटालियन संगमरवराची आहे. तिच्यासमोर उभ्या राहणाऱ्याला प्रथम भिडतात ते डोळे. तेव्हा रंगीत पुतळा म्हणजे खेळणे, हे मत आपले नव्हे. ते युरोपकडून उसने घेतलेले आहे, आणि युरोपनेही ते आता पुष्कळसे सोडले आहे. २००३ साली म्युनिकमध्ये प्राचीन पुतळ्यांच्या रंगविलेल्या प्रतिकृतींचे प्रदर्शन भरले, ते पुढे अनेक देशांत फिरले.

असो. गुरुजींच्या पुतळ्याबद्दल माझे मत विचारलेत म्हणून सांगतो. उघड्यावर लेपाचा रंग टिकणार नाही. खाणीची काळी धूळ आणि पाऊस त्याला दोन वर्षेही धड राहू देणार नाहीत. म्हणून दगडाचाच रंग घ्यावा. चेहऱ्यासाठी बारीक कणाचा तांबूस किंवा पिवळसर दगड, कोटासाठी काळा, टोपी तेवढी पांढरी. गुरुजींची टोपी खरोखरच पांढरी असे, आणि ती खडूच्या पांढरेपणाहून निराळी ओळखू येत असे, हे त्यांचे विद्यार्थी जाणतात. चौथऱ्याला मात्र या पट्ट्यातलाच दगड असावा. तुकडे जोडताना लोखंडाच्या सळ्या मुळीच वापरू नयेत. लोखंड गंजले की फुगते आणि दगड आतून फोडते. पितळ किंवा स्टेनलेस स्टील घ्यावे. वर छत्री असावी, पाणी निथळेल अशी. पुतळा साफ करताना तेजाब लावू नये, कारण आम्लाने संगमरवर विरघळतो; साधे पाणी आणि मऊ फडके पुरे. खर्च अधिक होईल, हे उघड आहे. निधी कमी पडला तर पुतळा लहान करावा, वर्ण बदलू नये.

आणखी एक अडचण आहे. शिल्पकाराला समोरून काढलेल्या एकाच छायाचित्रावरून काम करता येत नाही; त्याला दोन्ही बाजूंनी आणि मागूनही माणूस दिसावा लागतो. शाळेच्या दफ्तरात गुरुजींची जी छायाचित्रे आहेत ती सगळी समोरची, समूहचित्रातील, आणि अर्थातच कृष्णधवल. स्नेहसंमेलने, सहली, लग्नकार्ये यांत काढलेले, बाजूने चेहरा दिसणारे एखादे चित्र आपल्यापैकी कोणाच्या घरी ट्रंकेत असेल, तर ते कार्यालयात आणून द्यावे. त्याची प्रत काढून मूळ चित्र परत केले जाईल. आणि त्यांच्या कोटाचा रंग काळा होता की गडद निळा, यावर माजी विद्यार्थ्यांत दोन तट आहेत. ते आधी एकमताने ठरवावे, कारण दगड एकदा मागविला की बदलता येत नाही.